तळघरातील पोटजमीन

आपल्याकडे घर बांधावयाचे ठरले, की जोते किती उंच घ्यावयाचे हा प्रश्न प्रथम निघतो. पावसाचे पाणी घरात शिरू नये व जमिनीची ओल वर चढू नये, म्हणून घर उचलून बांधण्याची आपली रीत आहे. जुन्या वाड्यांत तळघरे असत, परंतु ती बहुधा धान्यधुन्य व चीजवस्तू ठेवण्यासाठी. अमेरिकेच्या उत्तर भागात व कॅनडात मात्र पुष्कळ घरांखाली घराएवढेच लांबरुंद तळघर असते आणि त्यात मुलांच्या अभ्यासाची, खेळण्याची, कधी निजण्याचीही खोली केलेली आढळते.

ही रीत तेथे थंडीमुळे पडली. हिवाळ्यात माती वरून खाली गोठत जाते. खालचे पाणी वर ओढले जाऊन मातीत बर्फाचे थर साचतात व ती फुगून वर उचलली जाते. अशा मातीवर पाया ठेवला, तर भिंती तडकतील. म्हणून गोठणाऱ्या मातीच्याही खाली पाया न्यावा लागतो. मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात ही खोली ५ फूट धरतात. इतके खोदावयाचेच, तर आणखी थोडे खोदून एक मजला का मिळवू नये, असा हा व्यवहारी विचार आहे.

या तळघराची जमीन सुमारे ४ इंच जाडीच्या काँक्रीटची असते. काँक्रीट दिसते दगडासारखे घट्ट. परंतु त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. दिव्याच्या वातीतून तेल चढावे, तसा मातीतला ओलावा त्यांतून वर चढतो. नव्या घरांत काँक्रीटखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. जुन्या घरांत तो पुष्कळदा नसतो. मग जमिनीवर पांढरी भुकटी जमते. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो, तोच हा प्रकार.

ओल येण्याची दुसरी वाट वरून आहे. गार पाण्याने भरलेल्या तांब्याला पावसाळी दिवसांत बाहेरून घाम फुटतो, हे तुम्ही पाहिले असेल. उन्हाळ्यातील दमट हवा तळघरात उतरून गार काँक्रीटला लागली, की तेथेही असेच थेंब जमतात.

अशा जमिनीवर घरमालकाने हौसेने लाकडी फळ्या किंवा गालिचा थेट अंथरला, तर काही महिने सारे छान दिसते. पुढे कुबट वास येऊ लागतो. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला, की ते कुजू लागते. गालिच्याखाली बुरशी धरते आणि तिचे बारीक कण हवेत मिसळतात. त्या खोलीत दम्याचा विकार असलेले मूल खेळत असेल, तर त्यास श्वास घेणे जड होते. म्हणून काँक्रीट व वरची सुबक जमीन यांच्यामध्ये आणखी एक थर घालतात. त्यास तिकडे 'सबफ्लोअर' म्हणतात. पोटमाळा या शब्दाच्या धर्तीवर आपण त्याला पोटजमीन म्हणू.

ती निवडण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करतात. १८ इंच लांबरुंद प्लॅस्टिकचा तुकडा काँक्रीटवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद करावयाच्या व निदान १६ तासांनी पाहावयाचे. थेंब तुकड्याच्या खालच्या बाजूस दिसले, तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूस दिसले, तर ती खोलीतील हवेची. पाणी वाहत येत असेल, तर मात्र पोटजमिनीचा विचारच करू नये. आधी छपराच्या पन्हळी दुरुस्त कराव्या आणि घराभोवतालच्या मातीला पहिल्या १० फुटांत ६ इंच तरी बाहेर उतार द्यावा. दुखणे झाकून ठेवल्याने बरे होत नाही.

पोटजमिनीचा जुना प्रकार म्हणजे काँक्रीटवर लाकडी पट्ट्या ठोकून वर प्लायवुड बसविणे. तो स्वस्त खरा, परंतु लाकूड ओलीला थेट चिकटलेले राहते. ओलसर तळघरात ही स्वस्ताई महागात पडते. दुसऱ्या प्रकारात खालच्या बाजूस उंचवटे असलेली प्लॅस्टिकची जाड चादर अंथरून तिच्यावर प्लायवुड घालतात. उंचवट्यांमुळे खाली हवेची पोकळी राहते व जमिनीतली ओल लाकडापर्यंत पोचत नाही. तिसऱ्यात कठीण फोमचे तक्ते घालतात. फोम थंडी अडवितो, त्यामुळे वरचा पृष्ठभाग गार पडत नाही आणि त्याला घाम फुटत नाही. पायांनाही ऊब वाटते.

बसविताना घाई उपयोगाची नाही. काँक्रीटमधील खळगे सिमेंटच्या मिश्रणाने भरून ते सपाट करतात, नाही तर चालताना फळ्या करकरतात. प्लायवुडचे तक्ते दोन दिवस त्याच खोलीत ठेवतात, म्हणजे तेथील हवेप्रमाणे त्यांना जे फुगावयाचे असेल, ते आधीच फुगतात. विटांच्या बांधकामाप्रमाणे येथेही सांध्यासमोर सांधा येऊ देत नाहीत. भिंतीलगत पाव ते अर्धा इंच फट सोडतात. ती न सोडल्यास फुगलेले लाकूड भिंतीला अडून मध्येच वर उचलले जाते. ही फट पुढे लाकडी पट्टीने झाकली जाते.

उंचीचा हिशोबही आधीच करावा लागतो. राहत्या खोलीची उंची ७ फुटांहून कमी असू नये, असा नियम अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आहे आणि पोटजमीन त्यातील एक-दोन इंच खाते. शिवाय जमीन वर आली, की जिन्याची अगदी खालची पायरी तेवढीच आखूड होते. रोजच्या सवयीने अंधारात उतरणाऱ्याचा पाय नेमका तेथे फसतो; म्हणून जाणते सुतार पहिला तक्ता ठेवण्यापूर्वी जिन्याच्या पायऱ्या मोजून घेतात.