गोरखमुंडी : झाडीपट्टींतील एक अम्लान फूल

नलदमयंतीची कथा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं घरांतील वडील माणसांच्या तोंडून ऐकलीच असेल. स्वयंवरमंडपांत इंद्र, अग्नि, वरुण व यम हे चार देव नलाचेंच रूप घेऊन बसले, तेव्हां खरा नल कोणता हें दमयंतीनें कसें ओळखलें, हा त्या कथेंतील मोठा गोड भाग होय. देवांच्या अंगास घाम नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, त्यांचे पाय भूमीस टेकले नव्हते, आणि त्यांच्या गळ्यांतील माळा कोमेजल्या नव्हत्या. नलाची माळ मात्र कोमेजली होती. अर्थात् न कोमेजणें हें देवांचें लक्षण आणि कोमेजणें हें मर्त्य माणसाचें, अशी आपल्या पूर्वजांची समजूत दिसते.

तथापि न कोमेजणारें फूल पृथ्वीवर मुळींच नाहीं, असें मात्र त्यांनीं मानलें नाहीं. अमरकोशांत 'अम्लान' हें एका झाडाचें नांव आलें आहे. त्याच्या लगत कोरांटीच्या रंगभेदांचीं नांवें येत असल्यामुळें तीही कोरांटीचीच एक जाति असावी, असें समजतात. ग्रीक लोकांनींही 'न कोमेजणारें' ह्याच अर्थाचा 'अमारांतोस' हा शब्द फुलास लाविला व तोच पुढें पाश्चात्य वनस्पतिशास्त्रांत राजगिऱ्याच्या कुळाचें नांव होऊन बसला. दोन दूरच्या देशांतील लोकांस एकाच गुणाचें कौतुक वाटावें, ह्यांत नवल नाहीं. जें आपल्या हातीं टिकत नाहीं, तें टिकावें असें सर्वांसच वाटतें.

ह्या प्रकारच्या फुलांविषयीं सर्वांत प्रसिद्ध देश म्हणजे ऑस्ट्रेलिया. तेथील रानांत सूर्यफुलाच्या कुळांतील अशा अनेक वनस्पति आहेत, कीं ज्यांचीं फुलें तोडून वर्षभर ठेविलीं तरी रंग व आकार सोडीत नाहींत. त्यांपैकीं एक जाति आपल्याकडील बागांतही हिवाळ्यांत लावितात. पूर्वीं तिला हेलिक्रायसम, म्हणजे 'सूर्यसुवर्ण', ह्या गणांत घालीत. पुढें १९९० सालीं तिच्यासाठीं व तिच्या सोबतिणींसाठीं झेरोक्रायसम, म्हणजे 'कोरडें सोनें', हा निराळा गण करण्यांत आला. हिच्या ज्यांस आपण पाकळ्या म्हणतों, त्या वस्तुतः पाकळ्या नव्हेत. तीं फुलाच्या बुडाशीं असणारीं कागदासारखीं कोरडीं उपपर्णें होत. त्यांत रस जवळजवळ नसतोच. मग सुकावयाचें तें काय? हवा दमट झाली म्हणजे हीं उपपर्णें मिटतात व कोरडी झाली म्हणजे उघडतात. आणि फूल झाडावरून काढल्यावरही हा व्यापार चालूच राहतो. सारांश, हें फूल अमर आहे असें नव्हे. त्याचा जो भाग आपणांस दिसतो तो आधींच वाळलेला असतो.

परदेशचा हा वृत्तान्त सांगण्याचें कारण असें, कीं ह्याच कुळांतील एक लहानसें अम्लान फूल आपल्या दाराशीं आहे आणि त्याकडे आपलें लक्ष नाहीं. चंद्रपूर व गडचिरोली (हे दोन जिल्हे १९८२ सालीं वेगळे झाले) म्हटलें, कीं लोकांस ताडोब्याचा वाघ आठवतो, नाहीं तर आलापल्लीचा साग. परंतु ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, वडसा, आरमोरी ह्या टापूंतील खरें ऐश्वर्य धानाच्या बांध्या आणि त्यांस पाणी देणारे तलाव हें होय. मालगुजारांच्या काळांत बांधलेले हे तलाव, मालगुजारी १९५१ सालीं गेल्यानंतर, 'माजी मालगुजारी' ह्या शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन 'मामा तलाव' ह्या जिव्हाळ्याच्या नांवानें ओळखले जातात. कार्तिक-मार्गशीर्षांत धानकापणी झाली, बांध्यांतील पाणी आटलें आणि तलावांचे कांठ उघडे पडूं लागले, कीं त्या ओलसर काळ्या मातींत सूर्यफुलाच्या कुळांतील लहानमोठ्या वनस्पतींचा मेळावाच भरतो. पांढऱ्या फुलांचा माका असतो, पिवळ्या गोंड्यांची माचीपत्री असते, अंगभर पांढरी लव असलेली इवलीशी नॅफेलियम असते. ही शेवटली त्या ऑस्ट्रेलियन 'कोरड्या सोन्या'च्या शाखेंतलीच. आणि ह्या सर्वांत ठसठशीत दिसणारी वनस्पति म्हणजे गोरखमुंडी.

गोरखमुंडी ही वीतभर ते हातभर वाढणारी, जमिनीलगत पसरणारी वर्षायु वनस्पति आहे. पानांस देंठ नसतो. पानाची कड तशीच खालीं उतरून खोडास दोहों बाजूंनीं दांतेरी पंख फुटल्यासारखे दिसतात. अंगावर चिकट लव असून पान चुरडलें असतां उग्र, परंतु वाईट म्हणतां येणार नाहीं असा वास येतो. फांद्यांच्या टोंकाशीं बोराएवढे जांभळट गुलाबी रंगाचे वाटोळे गेंद येतात. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत हे गेंद धानाच्या कापलेल्या बुडख्यांमधून डोकीं वर काढून उभे असतात. पुढें उन्हाळा लागला, झाड वाळलें, तरी गेंद गळून पडत नाहीं. रंग जातो, घाट टिकतो. बाजारांत काष्ठौषधी विकणाऱ्याकडे जी गोरखमुंडी मिळते, ती म्हणजे हेच वाळलेले गेंद.

आतां ह्या वनस्पतीचीं संस्कृत नांवें पाहूं. कारण त्यांत मोठी मौज आहे. भावप्रकाशाच्या निघंटूंत मुंडी, भिक्षु, तपोधना, श्रावणी, श्रवणशीर्षका अशीं नांवें आलीं असून, हिचाच मोठा प्रकार जो महाश्रावणी, त्यास भूकदंबिका, कदंबपुष्पिका, अतितपस्विनी असें म्हटलें आहे. 'कदंबपुष्पिका' हें नांव वाटोळ्या गेंदावरून आलें, हें उघड आहे. 'श्रावणी' हें नांव ऐकून मात्र पुष्कळांचा असा ग्रह होतो, कीं ही श्रावण महिन्यांत फुलणारी वनस्पति असावी. परंतु श्रावणांत तर बांध्यांत पाणी भरलेलें असतें, रोवणी नुकती आटोपलेली किंवा आटोपत असते, आणि मुंडीस फुलें यावयास अजून चार महिने असतात! आमच्या मतें येथें 'श्रवण' म्हणजे महिना किंवा नक्षत्र नव्हे, तर 'श्रमण', म्हणजे मुंडन केलेला यति, होय. श्रवणबेळगोळ ह्या क्षेत्राच्या नांवांत 'श्रवण' शब्द ह्याच अर्थानें आहे. असें घेतलें म्हणजे सर्व नांवें एका सुतांत ओंवलीं जातात : मुंडन केलेली ती मुंडी, भिक्षु, तपोधना, यतीच्या मस्तकासारखी ती श्रवणशीर्षका, आणि पुढें नाथपंथाचा प्रभाव वाढल्यावर लोकांनीं तीच कल्पना गोरखनाथाच्या नांवाशीं जोडली व ती गोरखमुंडी झाली. श्रमणांचे मठ गेले, नाथपंथी जोगी आले. परंतु फुलांत संन्याशाचें मुंडित मस्तक पाहण्याची दृष्टि कायम राहिली.

पाश्चात्य शास्त्रज्ञांस हिची ओळख झाली ती दक्षिणेंतून. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीडे ह्यानें मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' नांवाचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ पर्यंत छापला जात होता. त्यांत ही वनस्पति तिच्या मलयाळी नांवानें चित्रासह दिली आहे. त्या नांवांतील 'अडक्का' म्हणजे सुपारी. आमच्या वाचकांस हें सांगितलें पाहिजे, कीं ह्या ग्रंथाच्या कामीं रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट ह्या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांनीं आणि इट्टी अच्युतन् ह्या मलयाळी वैद्यानें साह्य केलें. त्या तिघांनीं १६७५ सालीं कोंकणींत लिहून दिलेलें प्रशस्तिपत्र पहिल्या खंडांत नागरी लिपींत छापलें आहे. पुढें १७५३ सालीं लिनीअसनें ह्या वनस्पतीस 'स्फेरँथस इंडिकस' असें नांव दिलें. स्फेरँथस म्हणजे 'गोलपुष्प'. ह्या गणांत आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत मिळून सुमारें ४० जाति आहेत. भारतांत त्यांपैकीं मोजक्याच. गोरखमुंडीच्या पुष्पदंडावरील पंख दांतेरी असतात, तर 'आफ्रिकानस' ह्या तिच्या बहिणीच्या पुष्पदंडाचे पंख अखंड कडेचे असतात. हिलाच कित्येक लोक महामुंडी समजतात. तिसरी 'अमरँथॉइडीस', म्हणजे 'अम्लानासारखी', तामिळ देशांत शिवकरंदै नांवानें प्रसिद्ध असून सिद्ध वैद्यकांत तिचा उपयोग करितात.

परंतु सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट गेंदाच्या आंत आहे. सूर्यफुलाच्या कुळांत २५,००० हून अधिक जाति आहेत आणि ह्या कुळाचा विशेष असा, कीं ज्यास आपण एक फूल म्हणतों तें एक फूल नसून अनेक बारीक फुलांचा एकत्र संसार असतो. शेवंती, झेंडू, करडई, कारळें, सर्वांची हीच गोष्ट. गोरखमुंडी ह्याच्याही पुढें गेली आहे. तिचा गेंद म्हणजे एक संसार नव्हे, तर अनेक संसारांचा एक वाडा. पात्यानें गेंद उभा चिरून भिंगाखालीं धरावा, म्हणजे मधल्या एका सामाईक गाभ्यावर चोहों बाजूंनीं लहान लहान पुष्पगुच्छ बसविलेले दिसतात. प्रत्येक गुच्छास स्वतःचीं उपपर्णें असतात. त्यांत कडेस कित्येक बारीक स्त्रीपुष्पें व मध्यें थोडींशीं उभयलिंगी फुलें असतात. अशा फुलाची जाडी दोऱ्याएवढीही नाहीं. एकटें असतें तर तें ना मधमाशीस दिसतें, ना माणसास. शाळेंत असतां आम्ही मुलांस हा गेंद देऊन 'ह्यांत फुलें किती?' असा प्रश्न घालीत असूं. पहिलें उत्तर नेहमीं 'एक' हेंच येई. तासाच्या शेवटीं मोजणी अर्धवट टाकून मुलें घरीं जात.

येथें निघंटुकारांचीं नांवें आठवून आम्हांस हंसूं येतें. बाहेरून पाहणाऱ्यास संन्याशाचें डोकें दिसलें. आंत पाहावें तों एकत्र कुटुंब! आणि तें टिकतें तेंही ह्या रचनेमुळेंच. कोरडीं उपपर्णें एकमेकांस घट्ट बिलगून असल्यामुळें एक वाळलें तरी शेजाऱ्याच्या आधारानें जागेवर राहतें. ह्या दृष्टान्तावरून एकत्र कुटुंबपद्धतीची तरफदारी करावी, असा आमचा हेतु नाहीं. वनस्पतींच्या राज्यांतील उदाहरणें माणसास जशींच्या तशीं लागू पडत नाहींत. वर सांगितलेला घाट टिकतो आणि रंग जातो, हेंही ह्याच फुलाचें सत्य आहे, आणि मोठ्या घरांतून वावरलेल्यांस तें निराळें समजावून द्यावयास नको.

हिच्या औषधी गुणांविषयीं दोन शब्द. आयुर्वेदांत मुंडी व युनानींत गुलमुंडी फार दिवसांपासून मान्य आहे. रक्तशुद्धीसाठीं युनानी वैद्य तिचा विशेष उपयोग करितात. अर्वाचीन रसायनशास्त्रज्ञांनींही तिच्या गेंदांतून कांहीं द्रव्यें वेगळीं काढून त्यांवर प्रयोग केले आहेत. परंतु प्रयोगशाळेंतील परीक्षण आणि घरांतील काढा ह्यांत फार अंतर आहे. कोणीतरी सांगितलें म्हणून बाजारांतील पुडी आणून मुलांस किंवा गर्भिणीस देणें, हें आम्हांस सर्वथैव अयोग्य वाटतें. जाणत्या वैद्याच्या सल्ल्यावांचून ती पोटांत घेऊं नये.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें मात्र गोरखमुंडी हें तणच. धान निघाल्यावर त्याच ओलींत लाखोळी, जवस किंवा हरभरा यावयाचा असतो, आणि त्यांत ही वांटेकरी होते. पूर्वीं बाया निंदणी करीत. आतां मजूर मिळेनासे झाल्यामुळें तणनाशकाची फवारणी वाढली आहे. शेतकऱ्यानें फुलाच्या कौतुकासाठीं पीक बुडवावें, असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु तलावांचे कांठ व बांध्यांचे धुरे येथें तरी फवारणी न करितां ही वनस्पति राहूं द्यावी, असें सुचवावेंसें वाटतें. हिच्या बियांस, ह्या कुळांतील इतर पुष्कळांप्रमाणें, वाऱ्यावर उडण्याजोगे केंस नसतात. बीं पडावयाचें तें आसपासच्या चिखलांत. म्हणून एका जागेंतून ती गेली, तर म्हातारीच्या कापसासारखी उडत परत येईल, असें समजूं नये. तिची रिकामी जागा घ्यावयास गाजरगवत तर टपलेलेंच आहे; तेंही ह्याच कुळांतलें, परंतु १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम दिसून पुढें सर्व महाराष्ट्रभर पसरलेलें. कुळ एक असलें म्हणून गुण एक असतात असें नाहीं.

ह्या हिवाळ्यांत गांवाकडे जाणें झाल्यास मुलांस घेऊन एखाद्या बांधीवर जावें, एक गेंद चिरून भिंगानें पाहावा व दुसरा तारखेची चिठ्ठी लावून कागदी डबींत ठेवावा. पुढच्या दिवाळींत डबी उघडावी, म्हणजे घाट किती टिकला हें मुलें आपल्याच डोळ्यांनीं पाहतील. आणि तेथें निंदणीस येणाऱ्या बायांस किंवा गोंड, माडिया बांधवांस 'तुम्ही हिला काय म्हणतां?' हें अवश्य विचारावें व जें नांव मिळेल तें जसेंच्या तसें वहींत उतरून घ्यावें. संस्कृत नांवें निघंटूंत सुरक्षित आहेत, लॅटिन नांव शास्त्रग्रंथांत सुरक्षित आहे. तोंडीं असलेलीं नांवें मात्र तीं बोलणाऱ्या माणसांबरोबरच जातात.