फराळाचा डबा कुठे थांबतो?

वस्तूंची वाट : लेखांक ६

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जायला साधारण १६ तास लागतात. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही धाकट्या बहिणीसाठी फराळाचं खोकं कुरिअरच्या दुकानात दिलं. वसुबारसेच्या आत मिळावं, एवढीच इच्छा होती. न्यू जर्सीत तिच्या दाराशी ते पोचलं भाऊबीज उलटून दोन दिवसांनी. एकूण २३ दिवस झाले. त्यातले हवेतले १६ तास सोडले, तर बाकीचे बावीस दिवस ते खोकं होतं कुठे?

बहुतेक वेळ ते नुसतं थांबलेलं होतं. पार्सलला उशीर झाला की आपण विमानाला किंवा अंतराला बोल लावतो. पण दोन टप्प्यांच्या मधे जी रांग असते, दिवस खरे तिथे जातात.

रांगेचा स्वभाव समजायला टपाल कार्यालयातली एकच खिडकी डोळ्यांसमोर आणा. एका माणसाचं काम उरकायला सरासरी ३ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला २० माणसं होतात. लोक येतात ते मनाला येईल तेव्हा, आणि कुणाचं काम झटकन होतं तर कुणाचं रेंगाळतं. तासाला १० जण येत असतील तर रांगेत सरासरी ३ मिनिटं उभं राहावं लागतं. १६ आले तर १२ मिनिटं. १८ आले तर २७. आणि १९ आले तर ५७ मिनिटं! अठराचे एकोणीस झाले, एकच माणूस वाढला, आणि ताटकळणं दुपटीच्याही वर गेलं. विसाव्या माणसानंतर तर खिडकी बंद होईपर्यंत रांग वाढतच राहते. हे गणित मांडलं डेन्मार्कच्या आग्नर एरलांग यांनी. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना, फोन जोडून मिळायला लोकांना किती थांबावं लागेल हे त्यांना काढायचं होतं. त्यांचा पहिला निबंध १९०९ चा. दिवाळीतलं आपलं खोकं आजही त्याच हिशेबात अडकतं. वर्षभर खिडकीवर सोळा जण असतात, दिवाळीत एकोणीस होतात, आणि आपण म्हणतो की गर्दी थोडीच तर वाढली आहे.

आमच्या खोक्याच्या वाटेवर अशा किती खिडक्या होत्या, हे मी नंतर त्या दुकानदाराशी बसून समजून घेतलं. गल्लीतल्या कुरिअरवाल्याचं स्वतःचं विमान नसतं. तो खोकी गोळा करतो, मुंबईला पाठवतो, तिथे बऱ्याच दुकानांचा माल एकत्र होऊन मोठ्या कंपनीकडे जातो. पुरेसा माल जमेपर्यंत पहिलं खोकं शेवटच्याची वाट पाहतं. मग स्कॅनिंग, आपल्याकडचं कस्टम्स, आणि विमानात जागा. पुष्कळ माल प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो. तिथे आधी प्रवाशांच्या बॅगा चढतात, उरलेल्या जागेत माल. सणासुदीला विमानं भरलेली, म्हणजे बॅगाही जास्त. मग काही खोकी खाली राहतात. त्याला या धंद्यात ‘ऑफलोड’ म्हणतात. मोबाइलवर आपल्याला तेवढे दिवस ‘इन ट्रान्झिट’ एवढंच दिसत राहतं, कारण नोंद होते ती स्कॅन झाल्यावर, आणि थांबलेल्या खोक्याला कुणी स्कॅन करत नाही.

आणि हात कमी पडतात तेही नेमके याच दिवसांत. गोदामात खोकी उचलणाऱ्या, दारोदार पोचवणाऱ्या माणसांनाही दिवाळी असते. भिवंडीच्या गोदामांतली कितीतरी मुलं बिहार-उत्तर प्रदेशातली. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ, म्हणून ती आधीच गाडी पकडतात. त्यांनी घरी जाऊ नये असं म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. आपण आठवडाभर आधी पार्सल द्यावं, हे मात्र आपल्या हातात आहे.

पंचांगाचाही यात वाटा आहे. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. पण २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि दिवाळी १२ नोव्हेंबरवर गेली. २०२६ लाही अधिक ज्येष्ठामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतं. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग, आणि तिथून नाताळाची खरेदी भरात येते. अधिक महिन्याच्या वर्षी आपला फराळ त्या लाटेच्या अगदी तोंडाशी जातो. ती लाट काय करू शकते हे २०१३ मध्ये दिसलं. त्या वर्षी थँक्सगिव्हिंग २८ तारखेला, म्हणजे शक्य तितकं उशिरा आलं. खरेदीचे दिवस कमी, हवा खराब, त्यात शेवटच्या क्षणीच्या ऑनलाइन ऑर्डरी. यूपीएस आणि फेडेक्ससारख्या कंपन्यांचीही कितीतरी पार्सलं नाताळ उलटल्यावर पोचली.

२०२५ ची दिवाळी मात्र वेगळ्याच कारणाने अडली. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला अमेरिकेत शुल्कमाफी होती. ३० जुलैच्या अध्यक्षीय आदेशाने ती २९ ऑगस्टपासून गेली. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट कायम होती. पण टपालातून शुल्क कुणी गोळा करायचं, कसं भरायचं, हेच ठरलेलं नव्हतं. विमान कंपन्यांनी टपाल न्यायला नकार दिला. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून बहुतेक पार्सलं थांबवली आणि पुढे पत्रं व भेटवस्तूंसकट सगळंच बंद केलं. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या सहा दिवस आधी. ज्या आईबापांची मिळकत बेताची, ज्यांना खासगी कुरिअर परवडत नाही, त्यांचा आधार पोस्टच. त्या वर्षी पैसे कुणी गोळा करायचे या प्रश्नापायी त्यांचे डबे घरीच राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं.

अमेरिकेच्या कस्टम्सपाशी आणखी एक गोष्ट अडते, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. २००२ च्या एका कायद्यामुळे तिथे येणाऱ्या खाद्यपदार्थांची आगाऊ सूचना अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते. त्यातून एका गोष्टीला सूट आहे: स्वतःच्या घरी केलेलं आणि करणाऱ्यानेच भेट म्हणून पाठवलेलं खाणं. आईच्या हातच्या फराळाला त्या कायद्यात जागा आहे, हे वाचून मला भरून आलं होतं. पण त्याच खोक्यात आपण दुकानातली सोनपापडी आणि गृहउद्योगाचे अनारसे सरकवतो, वर नुसतं ‘स्नॅक्स’ लिहितो, आणि सूट हातची जाते. आमच्या खोक्यावर तेच लिहिलं होतं. चूक आमची होती.

दुकानातल्या मुलाने त्या दिवशी टेप लावून खोकं मोजलं होतं. ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. गुणाकार ३६ हजार, भागिले ५ हजार. ‘व्हॉल्यूम वेट सात किलो दोनशे,’ तो म्हणाला. काट्यावर ते पुरतं चार किलोही नव्हतं. विमानात जागा महाग, म्हणून दोन्हींतलं जे वजन जास्त त्याचे पैसे पडतात. चिवडा आणि चकली म्हणजे निम्मी हवा. त्या हवेचं भाडं आम्ही भरलं, आणि बहिणीला मिळाल्या मऊ पडलेल्या चकल्या आणि करंज्यांचा चुरा.

आता आमच्याकडे चकली पाठवत नाहीत, भाजणी पाठवतात. आई पितृपक्षातच धान्यं भाजून दळून आणते. तीन किलो भाजणी २५ बाय २० बाय १५ च्या खोक्यात बसते. हिशेबाने वजन दीड किलो आणि काट्यावर तीन, म्हणजे पैसे पडतात ते भाजणीचेच. वर आई स्वतःच्या अक्षरात इंग्रजीत लिहिते: घरी भाजलेलं धान्याचं पीठ, भेट. घटस्थापनेला खोकं दुकानात जातं. चकल्या बहीण तिथे तळते, आणि पहिला घाणा कढईत सोडताना आईला व्हिडिओ कॉल लावते, काटे नीट उठले का ते दाखवायला.

(पुढील लेखांकात : गोदामातली रात्रपाळी)