पुण्याहून निघालेली प्रयोगशाळा

बुळकांडी म्हणजे काय, हे आजच्या तरुण गवळ्याला समजावून सांगावं लागतं. ताप यायचा, तोंडात चट्टे पडायचे, मग जुलाब, आणि बघता बघता दावण रिकामी व्हायची. बरेली जिल्ह्यातल्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचं मूळ या रोगात आहे. जन्मगाव मात्र पुणे.

गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या हॅलन आयोगाचा अहवाल १८७१ सालचा. त्यातूनच पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये 'इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' उघडली ९ डिसेंबर १८८९ला. सरकारी गती तेव्हाही हीच! पण जिवंत रोगजंतू घेऊन वस्तीत राहणं धोक्याचं, आणि पुण्याचा उन्हाळाही अशा कामाला सोयीचा नव्हता. म्हणून १८९३ साली प्रयोगशाळेचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी बिऱ्हाड हलवलं ते थेट कुमाऊंच्या डोंगरात, सुमारे साडेसात हजार फुटांवर, मुक्तेश्वरला. प्लेगच्या तपासासाठी मुंबईला आलेले जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८९७ मध्ये तिथेही जाऊन आले. मैदानी कामासाठी बरेलीजवळ शाखा निघाली, तिचंच पुढे इज्जतनगर झालं.

सुरुवातीच्या काळात बुळकांडीवर एका बाजूला रोगी जनावराचं रक्त आणि दुसऱ्या बाजूला रोगप्रतिबंधक रक्तद्रव, अशी दुहेरी टोचणी द्यायचे. मात्रा चुकली तर जनावर तर जायचंच, शिवाय टोचणाराच साथ पसरवायचा. म्हणून लसनिर्मितीइतकंच टोचणाऱ्यांना तयार करणं महत्त्वाचं होतं. प्रांतोप्रांतीचे पशुवैद्य मुक्तेश्वरला शिकायला येत ते याचसाठी. संशोधन आणि शिकवणी ही इथे दोन खाती नव्हतीच.

१९२०च्या दशकात इथल्याच जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळीमागून शेळीत वाढवत नेला. शेवटी तो आपल्या मैदानी गाईबैलांना सहसा मारेना, पण प्रतिकारशक्ती मात्र देई. विलायती आणि संकरित जनावरांना ही लस जड जायची. त्यांच्यासाठी पुढे ऊतीसंवर्धनाची लस आली. १९५४पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली. भारतातली शेवटची नोंद १९९५ची. २०११ मध्ये जगातूनच हा रोग गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर समूळ नाहीसा झालेला हा दुसराच रोग, आणि त्याची आठवण आपण किती कमी ठेवली!

१९५८ साली इज्जतनगरला पदव्युत्तर महाविद्यालय सुरू झालं, १९८३मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इथून एम.व्ही.एस्सी. आणि पीएच.डी. झालेले लोक पुढे ठिकठिकाणच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागले.

२०२२ मध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची साथ महाराष्ट्रात थैमान घालत होती, तेव्हा गुरांना टोचायला हाताशी होती ती शेळ्यांच्या देवीची लस. त्याच वर्षी इज्जतनगरच्या संस्थेने हिसारच्या अश्व संशोधन केंद्राबरोबर खास लम्पीसाठी लस तयार केली, आणि डिसेंबरात तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या सरकारी पशुलस निर्मिती संस्थेला देण्याचा करार नागपुरात झाला.