थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही

आज लॅबबाहेर शिकलेली एक गोष्ट सांगतो.

पाण्याचे नमुने घ्यायला आम्ही रत्नागिरीत एक मासेमारी बोट भाड्याने ठरवली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी इंजिनच्या फीड पंपाखाली डिझेल साचलेलं दिसलं. हा पंप टाकीतलं डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलतो. मी पाना घेतला आणि थेंबाच्या सर्वात जवळचा बोल्ट आवळला. गळती तशीच. पुन्हा आवळणार, तेवढ्यात तांडेलकाका म्हणाले, "थांब रे. आटे गेले तर उद्या बोट जेटीलाच राहील."

मग नीट सुरुवात केली. इंजिन बंद आणि थंड. सगळे जोड फडक्याने कोरडे पुसले, प्रत्येकाभोवती टिश्यू पेपर गुंडाळला आणि पंपाची हाताने चालवायची दांडी हलवली. ओला झाला तो वरचा, डिझेल बाहेर जाणाऱ्या नळीचा जोड. तिथून डिझेल ओघळत येऊन खालच्या बोल्टवरून थेंब पडत होता. मी भलताच बोल्ट आवळत होतो!

हा बॅन्जो जोड. पोकळ बोल्ट नळीच्या कड्यातून जातो आणि कड्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वायसर असतो. गळती अडवतात ते वायसर, आटे नाहीत. म्हणून आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळून उपयोग नाही. उलट तिचे तुकडे डिझेलमध्ये जातात.

मऊ तांबं दाबलं की पृष्ठभागावरच्या बारीक खाचा भरून काढतं. पण दाबताना त्याच्या स्फटिकांमधले दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि तांबं कडक होतं. असा जुना वायसर कितीही आवळला तरी नीट बसत नाही. नवा घालणं उत्तम. नसेल तर जुना इंजिनपासून लांब नेऊन मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा. पोलाद असं केल्यावर कडक होऊ शकतं, तांबं मऊच राहतं. वरची काळी पापडी मात्र घासून काढायची.

काकांकडे नवे वायसर होते. ते बसवले, फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत दांडी मारली, स्क्रू आवळला. इंजिन सुरू केलं, वीस मिनिटांनी पाहिलं तर पेपर कोरडा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. टाकी पंपाच्या खाली असेल, तर ओढणाऱ्या बाजूची गळती चालू इंजिनवर थेंब टाकत नाही; ती हवा आत घेते आणि इंजिन बंद पडतं. आणि इंजेक्टरच्या नळ्यांची गळती हाताने कधीच शोधू नका. तिथला दाब शेकडो बार असतो, डिझेलचा फवारा थेट कातडीत घुसतो.

प्रयोगातही आपण हेच करतो. आलेखात गडबड दिसली की तिथलीच सेटिंग बदलत बसतो. आधी सगळं कोरडं करा, प्रत्येक जोड वेगळा तपासा, एका वेळी एकच गोष्ट बदला. पाना त्यानंतर.