जुनी घड्याळे आणि त्यांची परीक्षा

केम गावचे कुंकू दूरवर प्रसिद्ध आहे. तेथील व्यापारी कुंकू तोलावयास बसला म्हणजे त्याच्या वजनांवर सरकारी तपासणीचा शिक्का आहे की नाही, हे पाहण्याचा गिऱ्हाइकास अधिकार आहे. परंतु त्याच व्यापाऱ्याच्या मनगटावरील वडिलार्जित घड्याळ दिवसाचे जे माप घालते, त्याची तपासणी कोण करतो? 'आजोबांचे घड्याळ क्षणभरही चुकत नाही' अशी बढाई एकीकडे, आणि 'चावीचे घड्याळ आता टाकाऊ' असा निकाल दुसरीकडे. दोन्ही मते पडताळ्यावाचून दिलेली, म्हणून दोन्ही त्याज्य होत.

मिनिटांचा हिशेब आमच्या गावांस आगगाडीने शिकविला. केमवरून जाणारा लोहमार्ग १८६० साली सोलापुरास पोहोचला. पुढे रेल्वेचा कारभार मद्रासच्या वेळेने चाले. १९०६ साली प्रमाण वेळ आली. तरी मुंबई शहराने ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. आजही केम येथे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने साडेबाराच्या सुमारास. तेव्हा घड्याळाचा खरेखोटेपणा सूर्यावरून किंवा शेजाऱ्याच्या घड्याळावरून ठरत नाही; प्रमाण वेळेशीच तो ताडून पाहिला पाहिजे.

आता चूक किती ती पाहू. जुन्या घड्याळाचे चक्र बहुधा तासास १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसास ४,३२,०००. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांत ३० सेकंदांचा फरक पडला तर तो २,८८० त एक इतकाच. शंभर किलो कुंकवाच्या तोलात सुमारे ३५ ग्रॅमांची तूट यावी तसा! ज्यास टाकाऊ म्हणतात त्या यंत्राची ही योग्यता होय. तथापि रोजचे ३० सेकंद महिन्याअखेर पंधरा मिनिटे होतात, आणि पंधरा मिनिटांत गाडी निघून जाते.

परंतु खरी गोम पुढेच आहे. एक घड्याळ रोज नेमके २० सेकंद मागे पडते. दुसरे आज मिनिटभर पुढे, तर उद्या मिनिटभर मागे जाते. चार दिवसांनी पाहाल तर पहिले ८० सेकंद चुकलेले आणि दुसरे बिनचूक दिसेल! तरी विश्वासास पात्र पहिलेच. नियमित चूक वजा करता येते. लहरी चुकीस उत्तर नाही. स्वित्झर्लंडातील अधिकृत परीक्षासुद्धा घड्याळ कित्येक दिवस, निरनिराळ्या स्थितींत व निरनिराळ्या उष्णमानांत ठेवून, मगच प्रमाणपत्र देते. तेथेही दिवसास सरासरीने ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे इतकी सूट आहेच.

लहरीपणाची कारणे गूढ नाहीत. तेल वाळते, चावी अनियमित दिली जाते, घड्याळ दिवसा उभे व रात्री आडवे राहते, चुंबकाजवळ ठेवल्यास आतील केसासारख्या कमानीचे वेढे एकमेकांस चिकटतात. साध्या पोलादी कमानीचे घड्याळ, भरपाईची योजना नसल्यास, उष्णता एक अंश वाढताच दिवसास दहा-अकरा सेकंद मंदावते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंचा शोध लावून ही अडचण दूर करण्याची वाट दाखविणाऱ्या ग्योम यांस १९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, यावरून प्रश्नाची थोरवी कळावी.

म्हणून आमची सूचना अशी. चावी रोज ठरल्या वेळी द्यावी. भ्रमणध्वनीवरील वेळेशी घड्याळ रोज एकाच वेळी ताडावे. आणि आठ दिवस काटे न हलविता फरक वहीत लिहावा. फरक सारखा असेल तर कारागिराकडून वेग जुळवून घ्यावा. सारखा नसेल तर यंत्र उघडून साफ करवावे, नुसते वरून तेल घालू देऊ नये. जुनी घड्याळे विकणाऱ्यांनीही तबकडी रंगवून 'बिनचूक' म्हणण्याऐवजी अशी आठ दिवसांची नोंद गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी. एच. एम. टी. चे घड्याळ असो वा विलायती, जो व्यापारी ही चाल प्रथम पाडील त्याची पत वाढल्यावाचून राहणार नाही.

आपली चूक किती, हे ज्यास ठाऊक आहे तो वेळेवर पोहोचतो. आपण चुकतच नाही असे म्हणणाराचीच गाडी सुटते.