सही करण्यापूर्वी माणूस ओळखा

भंडारा जिल्हा म्हटला की लोकांना वैनगंगा आठवते, धान आठवते, पितळेची भांडी आठवतात, तुमसरचे मँगनीज आठवते. फुटबॉल कोणालाच आठवत नाही. पण धान कापून झाले की रिकाम्या बांध्यांमध्ये आमची पोरे चेंडू घेऊन उतरतात, हे मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून वर्षानुवर्षे पाहिले आहे. शेजारी नागपूर-कामठीला फुटबॉलची जुनी परंपरा आहे. नागपुरातच २००१ मध्ये प्रा. विजय बारसे यांनी पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहिली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. त्यावरचा ‘झुंड’ हा चित्रपट २०२२ मध्ये आला, तेव्हा आमच्या मुलांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. खेळातून आयुष्य बदलू शकते, हे त्यांना पटले. मात्र अशी स्वप्ने पडू लागली की स्वप्नांचे व्यापारीही येतात. आज मला त्याविषयी सांगायचे आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रोवणीचे दिवस होते. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील चिखलाच्या पायांनीच घरी आले. हातात पाच पानांचा इंग्रजी कागद. म्हणाले, “गुर्जी, पोराले परदेशात खेळायला नेतो म्हणतेत. का करू?” मुलगा पंधरा वर्षांचा. आंतरशालेय स्पर्धेत एका गृहस्थाने त्याचा खेळ पाहिला, कार्ड दिले आणि आठवड्याभरात करार पाठवला. युरोपातल्या क्लबमध्ये चाचणी, त्यासाठी नोंदणी आणि व्हिसा मिळून अडीच लाख रुपये. वीस हजार आधीच दिले होते. उरलेल्यासाठी दोन बांध्या गहाण टाकायची तयारी होती.

आणि मी काय म्हणालो? “संधी आली आहे, करून टाका.” माझ्या हातचा मुलगा युरोपात खेळणार, या कल्पनेनेच मी हुरळून गेलो होतो. वडील गेल्यावर रात्री तो कागद शब्दकोश घेऊन वाचला. करार सात वर्षांचा होता. मुलाच्या प्रत्येक कमाईत तीस टक्के वाटा त्या कंपनीचा. आणि ती कंपनी नेमकी काय करणार, हे एका ओळीतही लिहिलेले नव्हते. माझी झोप उडाली. सकाळी नागपूरला वकिली करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याने जे समजावले आणि नंतर मी स्वतः जे वाचले, ते थोडक्यात सांगतो.

आधी हे समजून घेऊ, की खेळाडूचा प्रतिनिधी म्हणजेच एजंट करतो काय. क्लबकडे व्यवस्थापक असतात, वकील असतात. समोर बसलेला खेळाडू वीस वर्षांचा, कराराची भाषा न समजणारा. त्याच्या बाजूने बोलणारा माणूस म्हणजे एजंट. चांगल्या संस्थेत चार-पाच प्रकारची माणसे असतात. कोणी मैदानोमैदान फिरून खेळ पाहतो. कोणी सामन्यांच्या चित्रफिती कापून क्लबांना पाठवतो. कोणी करार वाचतो, कोणी कराचा हिशेब पाहतो, तर कोणी दुखापत झाली की उपचार आणि विमा यांच्यामागे लागतो. २०२५ मध्ये व्यापारी हक्कांच्या कराराचा तिढा सुटला नाही, त्यामुळे इंडियन सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरू झाला नाही आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. अशा वेळी खेळाडूच्या वतीने पत्र लिहिणारे, करारातले कलम दाखवणारे माणूस पाठीशी असणे किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको.

या धंद्यात माणसे येतात तरी कुठून? जगातला सर्वांत नावाजलेला एजंट जॉर्ज मेंडेस हा पोर्तुगालचा. तो पूर्वी व्हिडिओ कॅसेटचे दुकान चालवत असे. मिनो रायोला इटालियन, पण वाढला हॉलंडमध्ये, वडिलांच्या पिझ्झाच्या हॉटेलात काम करत. २०२२ मध्ये तो वारला आणि त्याचा कारभार राफाएला पिमेंटा या ब्राझीलच्या वकील बाईंनी सांभाळला. लिओनेल मेस्सीचे वय तेरा असताना, १४ डिसेंबर २००० रोजी, बार्सिलोना क्लबच्या अधिकाऱ्याने दोन मध्यस्थांसमोर चक्क कागदी रुमालावर त्याला घेण्याचे वचन लिहून दिले. तोच रुमाल २०२४ मध्ये लिलावात साडेसात लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला! पण अशा कहाण्या लाखात एक. त्या ऐकवूनच साध्या माणसाला भुलवले जाते, म्हणून त्या सांगून लगेच बाजूला ठेवतो.

आता नियम. फुटबॉलची जागतिक संघटना ‘फिफा’ हिने २०१५ मध्ये एजंटांचा परवाना रद्द करून केवळ नोंदणी ठेवली होती. त्यामुळे कोणीही उठावे आणि मध्यस्थ व्हावे, अशी स्थिती झाली. जानेवारी २०२३ पासून नवे नियम आले आणि परवाना परतला. त्यासाठी परीक्षा आहे. वीस प्रश्न, एक तास, उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के गुण. एप्रिल २०२३ मधल्या पहिल्या परीक्षेला सुमारे ३८०० जण बसले आणि निम्म्याहून थोडेसेच अधिक उत्तीर्ण झाले. पूर्वी खेळाडूचे आईवडील, भावंडे आणि वकील यांना परवान्यातून सूट होती, ती आता नाही.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की परवाना कंपनीला मिळतच नाही. तो मिळतो माणसाला. पाटीवर नाव कितीही भारदस्त असो, कचेरी कितीही थंडगार असो, विचारायचे एकच : तुमच्यापैकी परवाना कोणाच्या नावावर आहे? फिफाच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी कोणालाही पाहता येते. आमच्या त्या गृहस्थाचे नाव त्या यादीत नव्हते.

दुसरी गोष्ट कराराच्या मुदतीची. खेळाडू आणि एजंट यांचा करार दोन वर्षांहून जास्त मुदतीचा असू शकत नाही, आणि तो आपोआप पुढे वाढतही नाही. सात वर्षांचा कागद पाहूनच मी सावध व्हायला हवे होते.

तिसरी गोष्ट पैशाची. एजंटाचा मोबदला खेळाडूच्या कमाईतून यायचा असतो, बापाच्या शेतातून नव्हे. नव्या नियमांत बहुतेक खेळाडूंसाठी पाच टक्क्यांची मर्यादा घातली होती. म्हणजे वर्षाला वीस लाख मिळवणाऱ्याकडून एक लाख. एजंट न्यायालयात गेले आणि ३० डिसेंबर २०२३ रोजी फिफाने ही मर्यादा व काही कलमे स्थगित केली. तरीही तीस टक्के कुठे आणि पाच टक्के कुठे, हे ताडून पाहायला ती फूटपट्टी पुरेशी आहे.

चौथी आणि आईबापांसाठी कळीची गोष्ट वयाची. अठरा वर्षांखालील खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात बदली करायला फिफाची मुळातच मनाई आहे. अपवाद मोजके आहेत. उदाहरणार्थ, आईवडीलच फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने परदेशी राहायला गेले तर. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाला युरोपातल्या क्लबात घालतो, असे सांगणारा बहुधा अज्ञानी असतो किंवा लबाड. अल्पवयीन मुलाला एजंटाने गाठायचे, तर पालकांची लेखी संमती लागते. तेही मुलगा पहिला व्यावसायिक करार करण्याच्या वयाला पोचायच्या आधी फार तर सहा महिने. शिवाय अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार आपल्या कायद्यात मुळातच रद्दबातल ठरतो. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच तसा निवाडा दिला आहे.

शेवटची गोष्ट आपल्या गावच्या फायद्याची. खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात मोबदला घेऊन बदली झाली, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. समजा, बदलीची रक्कम एक कोटी आहे. वाटणीला आले पाच लाख. बाराव्या ते पंधराव्या वर्षापर्यंत तो एकाच क्लबात असेल, तर त्या क्लबाला त्यातले एक लाख मिळतात. पण क्लब रीतसर संलग्न हवा आणि मुलाची नोंद हवी. शाळेच्या हजेरीपटावरचे नाव इथे चालत नाही. आपल्या तालुक्यांत असे नोंदलेले क्लब निघाले, तर मुलांच्या खेळाचा पुरावाही कागदावर राहील.

त्या मुलाचे काय झाले, हे आपल्याला जाणून घ्यावेसे वाटेल. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या शेतावर गेलो आणि कालचा माझा सल्ला चुकीचा होता, हे बांधावर उभे राहून कबूल केले. बांध्या वाचल्या. वीस हजार मात्र गेले ते गेलेच. तो फोन पुन्हा लागला नाही. मुलगा माझ्यावर रुसला. “तुम्ही माझी गाडी चुकवली,” म्हणाला आणि सहा महिने मैदानाकडे फिरकला नाही. त्या सहा महिन्यांचे मला वीस हजारांपेक्षा जास्त दुःख आहे. पहिल्याच दिवशी मी कागद वाचून मग बोललो असतो, तर त्याच्या मनात ती गाडी कधी शिरलीच नसती.

आता तो नागपूरच्या एका क्लबात नोंदणी करून खेळतो. अठरावे वर्ष जवळ आले आहे. परवा स्वतःहून घरी आला. कोणा एका एजंटाने विचारणा केली होती. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, “सर, यादीत नाव पाहून घेतलं. करार दोन वर्षांचा आहे. पैसे मागितले नाहीत. आता तुम्ही एकदा वाचा.”

मी चष्मा काढला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)