पिकअपच्या मागून आवाज येतो तेव्हा

पिकअप गाडीच्या मागच्या बाजूने घूं-घूं असा आवाज येऊ लागला, की पहिला संशय डिफरन्शियलवर घेतला जातो. क्राउन-पिनियनची महागडी जोडी बदलली जाते आणि आवाज तसाच राहतो, कारण तो वेडावाकडा झिजलेल्या टायरचा असतो. याउलट चाकाचे बेअरिंग गेलेले असताना 'टायरच वाजतोय' असे म्हणून टोमॅटोचे क्रेट भरलेली गाडी घाटात नेली, तर ते जिवावर बेतू शकते. हा शोध घ्यायला शाळेतले भौतिकशास्त्र बरेच पुरते.

आवाज इंजिनाच्या फेऱ्यांशी निगडित आहे की गाडीच्या वेगाशी, हे आधी ठरवावे. ताशी ४० किलोमीटर वेग कायम ठेवून गाडी एकदा तिसऱ्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये चालवावी. आवाजाची पट्टी बदलली नाही, तर उगम बहुधा गिअरबॉक्सच्या मागे आहे.

आता थोडे गणित करू. टायरचा व्यास ७० सेंटिमीटर धरला, तर परीघ सुमारे २.२ मीटर होतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साधारण ७.६ फेरे घेते. समजा, पिनियनला १० आणि क्राउनला ४१ दाते आहेत. मग प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या ४.१ पट, म्हणजे सेकंदाला ३१ फेरे घेईल आणि दात्यावर दाता सेकंदाला सुमारे ३१० वेळा बसेल. आपल्या कानाला साधारण २० हर्ट्झच्या वरची कंपनेच सलग स्वर म्हणून ऐकू येतात. त्यामुळे टायरवर एका जागी आलेला फुगवटा सुट्या ठोक्यांसारखा 'धप-धप' जाणवतो, शाफ्टचा असमतोल सीटखाली थरथरतो, आणि दात्यांची मात्र चक्क शीळ होते. वेग ६० वरून ३० वर आणला, की ती शीळ बरोबर एक सप्तक खाली येते. (संगीताच्या शिक्षकांना या चाचणीला सोबत न्यायला हरकत नाही.) वर्गात हेच सायकलच्या आऱ्यांवर पुठ्ठ्याचा तुकडा टेकवून दाखवता येईल: ४० आरे आणि सेकंदाला ५ फेरे म्हणजे २०० हर्ट्झ.

अॅक्सिलरेटर दाबला असताना पिनियनचे दाते एका बाजूने रेटा देतात. पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात आणि रेटा दात्यांच्या दुसऱ्या बाजूवर येतो. म्हणून यांपैकी एकाच स्थितीत येणारा आवाज क्राउन-पिनियनकडे बोट दाखवतो. टायरला या फरकाचे सोयरसुतक नसते. त्याचा आवाज डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर बदलतो. फक्त वळणावरच खडखड होत असेल, तर डिफरन्शियलमधले छोटे गिअर तपासावेत, कारण सरळ रस्त्यावर ते आपल्या अक्षाभोवती जवळजवळ फिरतच नाहीत. गाडी हलताना एकदाच 'टक्' होत असेल, तर शाफ्टचा जॉइंट-क्रॉस ढिला झालेला असू शकतो.

बेअरिंगची गुणगुण वळणावर कमीजास्त होते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवे बेअरिंग दोषी असते. खात्रीसाठी पुढच्या चाकांना दगड लावून, मागचा अॅक्सल भक्कम स्टँडवर घेऊन, गिअर न्यूट्रल ठेवून चाक हातानेच फिरवावे आणि दुसरा हात पाट्यावर ठेवावा. चांगले बेअरिंग फिरताना हाताला काही कळत नाही; खराब असेल तर जात्यासारखी खरखर जाणवते. अशी गाडी पुढे न हाकता तिथेच चाक उघडून घ्यावे.